अस्थिसंवहनी श्रवण रोपण

बाह्यकर्ण किंवा मध्यकर्ण यांतील दोषामुळे ध्वनी नेहमीच्या मार्गाने अंतःकर्णापर्यंत पोहोचत नसेल, तर कवटीच्या हाडात शस्त्रक्रियेने बसविलेल्या साधनाद्वारे ध्वनीची कंपने सरळ अंतःकर्णाकडे नेण्याच्या योजनेस अस्थिसंवहनी श्रवण रोपण असे म्हणतात. या साधनाचे सामान्यतः दोन भाग असतात. कानामागील हाडात बसविलेली टिटॅनियम धातूची मळसूत्री खीळ हा एक, आणि तिच्यावर बाहेरून अडकविता येणारा, ध्वनिग्राहक (मायक्रोफोन), विवर्धक, कंपक व विद्युत् घट सामावणारा लहानसा संच हा दुसरा. काही अलीकडील प्रकारांत कंपकच त्वचेखाली बसवितात. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत विद्युत् अग्रे घालून श्रवण तंत्रिकेला (मज्जातंतूला) विद्युत् स्पंद देणारे कॉक्लिअर रोपण याहून सर्वस्वी भिन्न आहे. तेथे निकामी झालेल्या अंतःकर्णाचे काम विद्युत् प्रवाहाकडून करवून घेतात. येथे अंतःकर्ण मुळात चांगला, निदान उपयोगी, असावा लागतो आणि रोपण त्याच्यापर्यंतची वाट तेवढी मोकळी करून देते. या दोहोंची पुष्कळदा गल्लत केली जाते.

हवेतून येणारा ध्वनी कानाच्या पडद्याला कंपित करतो, मध्यकर्णातील तीन लहान अस्थींची साखळी ती कंपने पुढे नेते आणि शेवटची अस्थी, रिकीब, ती अंतःकर्णातील द्रवाला देते. हवेतील कंपने द्रवात सहज शिरत नाहीत. म्हणूनच पडदा व अस्थी यांची ही दाब वाढविणारी यंत्रणा आवश्यक असते [→ कान]. परंतु अंतःकर्ण स्वतः कवटीच्या शंखास्थीत कोरलेला असल्यामुळे कवटीच कंप पावली, तर आतील द्रवही हलतो आणि मध्यकर्णाच्या मध्यस्थीवाचून ध्वनीची जाणीव होते. दोन्ही कानांत बोटे घालून गुणगुणल्यास स्वतःचा आवाज उलट मोठा वाटतो, तो यामुळे. ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो परक्याचा वाटतो, याचेही कारण हेच. त्यात हाडावाटे येणारा भाग नसतो. मात्र कवटी जड असल्याने हवेतील ध्वनी तिच्यावर आदळून आत शिरेपर्यंत सु. ५० ते ६० डेसिबेलनी क्षीण होतो. नेहमीच्या बोलण्याने ती पुरेशी हलत नाही. तिला हलविण्यासाठी कंप पावणारी वस्तू तिला घट्ट टेकवावी लागते.

या साध्या अटीतच पुढील चार शतकांची अडचण साठलेली होती. हाडातून ऐकता येते, हे ज्ञान जुने आहे. कंपक हाडाला जोडायचा कसा, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुटला नव्हता. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा बराचसा त्या जोडाचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात दातांपासून होते. मानवी सांगाड्याला घट्ट जखडलेला आणि तरीही त्वचेने न झाकलेला असा दात हाच एक भाग आहे.

दातांचा मार्ग : इटालियन वैद्य व गणितज्ञ जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) यांनी १५५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दे सब्तिलिताते’ या ग्रंथात दातांत धरलेल्या दांडीतून किंवा भाल्याच्या काठीतून ध्वनी कानापर्यंत पोहोचतो, असे नमूद केले. त्यांना ते निसर्गातील एक नवल वाटले. औषधोपचाराशी त्याचा संबंध त्यांनी जोडला नाही. तो संबंध पादुआ येथील वैद्य जिरोलामो कापिवाची (मृत्यू १५८९) यांच्या लक्षात आला. त्यांनी सु. ६० सेंमी. लांबीच्या लोखंडी गजाचे एक टोक रुग्णाच्या दातांत व दुसरे झिदर या तंतुवाद्याच्या तारांवर ठेवून पाहिले. रुग्णाला स्वर ऐकू आला, तर दोष कानाच्या पडद्यात आहे आणि न आला, तर तो श्रवण तंत्रिकेत आहे, असे त्यांनी मानले. आजही बहिरेपणाचे जे दोन मुख्य वर्ग करतात, संवहनजन्य (ध्वनी वाहून नेण्यातील अडथळ्यामुळे आलेला) व तंत्रिकाजन्य, त्यांचा भेद या गजाच्या प्रयोगात आधीच दिसतो. कानाच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना केलेले हे अनुमान असामान्यच म्हणावे लागेल.

जर्मन वैद्य गुंटर क्रिस्टोफ शेलहामर (१६४९–१७१६) यांनी १६८४ मध्ये गजाऐवजी जेवणाचा काटा वापरला. इंग्रज वादक जॉन शोर यांनी १७११ मध्ये तयार केलेला नादकाटा वाद्ये जुळविण्यासाठी होता. वैद्यकात तो रुळायला आणखी शतकाहून अधिक काळ गेला. एर्न्स्ट हाइन्रिख वेबर (१७९५–१८७८) यांनी १८३४ मध्ये असे दाखविले की, नादकाटा कवटीवर मध्यभागी ठेवला असता आणि एक कान बंद केला असता स्वर त्या बंद कानाकडे सरकल्यासारखा वाटतो. गटिंगेन येथील आडोल्फ रिने (१८१९–६८) यांनी १८५५ मध्ये कानामागील हाडावर टेकविलेला व कानासमोर हवेत धरलेला नादकाटा यांची तुलना करण्याची पद्धत सांगितली. या दोन्ही चाचण्या आजही कान-नाक-घसा तज्ञ रोजच्या तपासणीत करतात. रोपण कोणाला उपयोगी पडेल, याचे पहिले उत्तर अजूनही तेवढ्याच साध्या साधनाने मिळते.

निदानाबरोबर प्रत्यक्ष मदतीचेही प्रयत्न झाले. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेतील वैद्य झां मार्क गास्पार ईतार (१७७४–१८३८) यांनी १८२१ मधील आपल्या कर्णरोगविषयक ग्रंथात दातांत धरून ऐकण्याच्या लाकडी दांडीचे वर्णन केले. संगीतकार बेथोव्हन पियानोला टेकविलेली काठी दातांत धरून ऐकत, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. परंतु तिच्यामागील पुरावा क्षीण आहे. त्यांनी वापरलेली कर्णनळकांडी बॉनमध्ये जपून ठेवलेली आहेत, हे मात्र खरे. एडिसन यांच्याबद्दलची तशीच गोष्ट अधिक विश्वसनीय आहे. लहानपणापासून कमी ऐकू येणारे एडिसन फोनोग्राफच्या लाकडी पेटीला दात लावून ध्वनिमुद्रणाचा दर्जा पारखीत.

शिकागो येथील रिचर्ड रोड्स यांना स्वतःला कमी ऐकू येत असे. त्यांनी १८७९ मध्ये ‘ऑडिफोन’ नावाच्या साधनाचे एकस्व (पेटंट) मिळविले. ते म्हणजे कठीण रबराचा एक पंखा. दोऱ्यांनी किंचित वाकवून ताणलेल्या या पंख्याची कड वरच्या दातांना टेकवली की, पंख्यावर आदळणारा ध्वनी दातांवाटे कवटीत जाई. वरचेच दात सांगण्याचे कारण असे की, वरचा जबडा कवटीशी एकजीव असतो. खालचा सांध्यावर लोंबकळतो. जिनीव्हाचे भौतिकीविज्ञ झां-दान्येल कोलादाँ (१८०२–९३) यांनी १८८० मध्ये तेथील बहिऱ्या मुलांवर याची परीक्षा घेतली व महाग रबराऐवजी साध्या पुठ्ठ्याचा पंखाही तेच काम करतो, असे दाखविले. स्त्रियांना हातातील पंख्याआड बहिरेपण लपविता येई, हेही या साधनाच्या खपाचे एक कारण होते. त्याची खरी मर्यादा वेगळीच होती. दातांत पंखा धरलेला असताना ऐकता येई, पण बोलता येत नसे.

त्वचेवरील कंपक : विद्युत् विवर्धकाचा शोध लागल्यावर दातांची गरज संपली, असे काही काळ वाटले. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२३ मध्ये ‘ऑसोफोन’ या साधनाच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्यातही कंपक दातांतच धरावयाचा होता. १९३०–४० या दशकाच्या आरंभी ह्यूगो लीबर यांनी सोनोटोन या अमेरिकन कंपनीसाठी कानामागे टेकविता येईल, इतका लहान विद्युत् चुंबकीय कंपक तयार केला. हा कंपक पोलादी पट्ट्याने डोक्यावर आवळून बसवीत. पुढे तो चष्म्याच्या काडीतही बसविण्यात आला.

याच काळात हाडातून ऐकण्याची क्रिया नेमकी काय आहे, याचाही उलगडा झाला. बूडापेस्ट येथे टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे गेओर्ग फोन बेकेशी (१८९९–१९७२) यांनी १९३२ मध्ये एक निर्णायक प्रयोग केला. ४०० हर्ट्‌झ कंप्रतेचा (दर सेकंदास ४०० कंपने असणारा) एक स्वर कपाळाच्या हाडावाटे व तोच स्वर हवेतून कानावाटे एकाच वेळी देऊन दुसऱ्याची तीव्रता व कला (कंपनाची त्या क्षणीची अवस्था) जुळवीत नेली असता एका टप्प्यावर काहीच ऐकू येईनासे झाले. दोन्ही स्वरांनी एकमेकांना पुसून टाकले, याचा अर्थ दोन्ही मार्गांनी आलेली कंपने अंतःकर्णात एकाच ठिकाणी, एकाच प्रकारे पोहोचत होती. हाडातून ऐकणे हे निराळे इंद्रिय नसून त्याच इंद्रियाकडे जाणारा दुसरा रस्ता आहे, हे यातून सिद्ध झाले. बेकेशी यांना अंतःकर्णावरील संशोधनाबद्दल १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सिद्धांत पक्का झाला, तरी पट्टा वापरणाऱ्यांचे हाल चालूच राहिले. त्वचा व तिच्याखालील मऊ ऊतके (पेशीसमूह) कंपने शोषून घेतात आणि त्यातही उच्च कंप्रतेची कंपने अधिक शोषून घेतात. बोलण्यातील व्यंजने ओळखण्यासाठी नेमकी तीच लागतात. हा तोटा कमी करावयाचा, तर कंपक जोराने दाबावा लागतो. श्रवणमापनात तो सु. ५.४ न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा थोड्या अधिक वजनाइतक्या जोराने दाबून धरण्याचा संकेत आहे. तपासणीच्या काही मिनिटांपुरते ते सुसह्य असते. दिवसभर असा दाब सोसणाऱ्याचे डोके दुखते, त्वचेवर खळगा पडतो व कधी जखमही होते. पट्टा सैल केला की, शब्द पुसट होतात. ज्यांच्यापुढे अन्य उपाय नव्हता असेच लोक, मुख्यतः जन्मतः कर्णनलिका नसलेली मुले व कान सतत वाहणारे रुग्ण, हे साधन वापरीत. पुष्कळ जण ते घरी पेटीत ठेवून देत.

टिटॅनियम व हाड : हा पेच कर्णविज्ञानाबाहेरून सुटला. स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) हे १९५२ च्या सुमारास हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात सूक्ष्मदर्शकाला जोडता येईल, अशी टिटॅनियमची एक लहान कुपी ते बसवीत. प्रयोग संपल्यावर कुपी काढू गेल्यास ती निघेना. हाड धातूला इतके घट्ट चिकटलेले होते. शरीरात घातलेल्या परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार होते व ती सैल राहते, अशी तोवरची समजूत होती. टिटॅनियमच्या बाबतीत असे आवरण न होता जिवंत हाड धातूच्या पृष्ठभागापर्यंत वाढत जाते, असे ब्रोनेमार्क यांना आढळले. या घटनेला पुढे अस्थि-एकात्मीकरण (ऑसिओइंटिग्रेशन) हे नाव मिळाले. १९६० मध्ये ते गॉथनबर्ग येथे गेले व १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमच्या खिळी बसवून त्यांवर कृत्रिम दात जोडले. दंतवैद्यांनी प्रथम या कामाकडे संशयाने पाहिले. टोराँटो येथे १९८२ मध्ये भरलेल्या परिषदेनंतर ते सर्वमान्य झाले.

जबड्यातील खीळ हाडाशी कितपत एकजीव झाली आहे, हे पाहण्यासाठी या गटाने तिच्यावर श्रवणमापनातील कंपक लावून पाहिला, तेव्हा रुग्णाला तो स्वर अनपेक्षितपणे फार मोठ्याने ऐकू आला. कार्दानो यांच्या भाल्याच्या काठीनंतर चारशे वर्षांनी ध्वनी पुन्हा दाताच्याच जागेवरून कवटीत शिरला होता. फरक एवढाच की, हा दात धातूचा होता आणि तसा दात कोठेही बसविता येण्याजोगा होता.

तो कानामागे बसविण्याचे काम गॉथनबर्गच्या साल्ग्रेन्स्का रुग्णालयातील कर्णशल्यचिकित्सक आंडेर्स शेल्स्ट्रम यांनी हाती घेतले. १९७७ मध्ये त्यांनी पहिल्या तीन रुग्णांच्या कानामागील हाडात टिटॅनियमच्या खिळी बसविल्या. प्रत्येक खिळीला त्वचेतून बाहेर येणारा लहान खुंट जोडलेला होता व त्यावर कंपक अडकविता येई. त्याच शहरातील चाल्मर्स तंत्रविद्या विद्यापीठातील अभियंते बू होकॉनसन यांनी या खुंटासाठी योग्य असा कंपक घडविला. नुसता जुना कंपक खिळीवर टांगून भागण्यासारखे नव्हते; त्वचेवर दाबावयाचा कंपक व हाडाला कडक जोडलेला कंपक यांच्यासमोरील यांत्रिक भार अगदी वेगळा असतो. होकॉनसन व त्यांचे सहकारी यांनी १९८४ च्या सुमारास केलेल्या मापनांत, त्वचेतून देण्यापेक्षा खिळीतून सरळ हाडाला दिलेली कंपने उच्च कंप्रतांना १० ते २० डेसिबेलनी सरस ठरली. पट्ट्याचा दाबही नाहीसा झाला. या क्षेत्रात वैद्य आणि अभियंता यांनी एकत्र केलेले एवढे दीर्घ काम दुसरे क्वचितच सापडेल.

शस्त्रक्रिया दिसते तितकी किरकोळ नसते, पण मोठीही नसते. कर्णनलिकेच्या मागे सु. ५ ते ५.५ सेंमी. अंतरावर ३ किंवा ४ मिमी. खोलीचे छिद्र पाडून सु. ३.७५ मिमी. व्यासाची खीळ बसवितात. छिद्र पाडताना हाड तापू न देणे, हे सर्वांत महत्त्वाचे. सु. ४७° से. तापमानाला मिनिटभर राहिलेले हाड पुढे धातूशी नीट जुळत नाही, असे गॉथनबर्गच्या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखविले. म्हणून गिरमीट मंद गतीने फिरवितात व त्यावर सतत द्रव सोडतात. त्यानंतर खिळीवर काहीही भार न देता काही आठवडे ते तीन महिने थांबावे लागे. नंतरच्या काळात खिळीचा पृष्ठभाग सुधारल्यामुळे हा अवधी बराच कमी झाला.

त्वचेचा प्रश्न : हाडाने धातू स्वीकारला, त्वचेने तितक्या सहज स्वीकारला नाही. हिरडी ज्याप्रमाणे दाताला बिलगून असते तशी त्वचा खुंटाला बिलगत नाही. तिच्यातून कायमचा बाहेर आलेला खुंट म्हणजे जंतूंना एक उघडी फट असते. सुरुवातीची समजूत अशी होती की, खुंटाभोवतीची त्वचा हालते व त्या घर्षणातून शोथ (दाहयुक्त सूज) येतो. म्हणून त्वचेखालील मऊ भाग काढून ती हाडाला चिकटेल इतकी पातळ करीत आणि तेथील केसही मुळासकट काढीत. परिणामी डोक्यावर एक खोलगट, निर्केश वर्तुळ कायमचे राही. त्वचेच्या प्रतिक्रियेची ० ते ४ अशी श्रेणी होल्गर्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दिली. ती अद्याप रूढ आहे. बहुतेक रुग्णांत त्रास सौम्य असतो व रोजच्या स्वच्छतेने आटोक्यात राहतो. तथापि थोड्यांच्या बाबतीत त्वचा वाढून खुंट झाकून टाकते व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. २०१० नंतर लांब खुंट वापरून त्वचा मुळीच पातळ न करण्याची पद्धत पुढे आली आणि तिचे निष्कर्ष निदान तितकेच चांगले निघाले. तीस वर्षे आवश्यक मानलेली शस्त्रक्रियेची एक पायरी अशा रीतीने अनावश्यक ठरली.

खुंटच नको, हा विचार खुंटाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील शल्यचिकित्सक जॅक हफ व त्यांचे सहकारी यांनी हाडात चुंबक बसवून त्यावर त्वचा शिवून टाकली आणि बाहेरील वेटोळ्यातील विद्युत् प्रवाहाने तो चुंबक हलविण्याची योजना केली. ‘ऑडियंट’ या नावाने हे साधन १९८६ पासून अमेरिकेत विकले जाऊ लागले. कल्पना सुबक होती. परंतु वेटोळे व चुंबक यांमध्ये त्वचेच्या जाडीइतके अंतर पडल्याने आतील चुंबकाला पुरेसा जोर मिळेना. अंतःकर्ण अगदी निर्दोष असलेल्यांनाच त्याचा उपयोग होई. इतरांना ते कमी पडे. १९९० नंतरच्या दशकात ते मागे पडले. गॉथनबर्गचा कुरूप खुंट त्यानंतरही टिकून राहिला. कंपकाची शक्ती अधिक की दिसणे महत्त्वाचे, या प्रश्नाला अनुभवाने दिलेले हे पहिले उत्तर होते.

प्रसार व उपयोग : खुंटाचे हे साधन १९८७ पासून व्यापारी रूपात मिळू लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते १९९६ मध्ये प्रौढांच्या संवहनजन्य व मिश्र बहिरेपणासाठी, १९९९ मध्ये पाच वर्षांवरील मुलांसाठी, २००१ मध्ये दोन्ही बाजूंना बसविण्यासाठी व २००२ मध्ये एका कानाच्या पूर्ण बहिरेपणासाठी मान्य केले. अंतःकर्णाची शक्ती किती शिल्लक असावी, याच्या मर्यादा संचाच्या जोरावर ठरतात. हाडावाटे मोजलेला श्रवण उंबरठा सरासरी ४५ डेसिबेलपर्यंत असेल, तर डोक्यावरचा साधा संच पुरतो. अधिक शक्तीच्या संचांनी ही मर्यादा ५५ व ६५ डेसिबेलपर्यंत नेली.

ज्यांना याचा खरा लाभ होतो, असे दोन गट आहेत. जन्मतः कर्णपाळी अपूर्ण व कर्णनलिका बंद असलेल्या मुलांच्या कानात नेहमीचे श्रवणयंत्र घालण्यास जागाच नसते. त्यांचा अंतःकर्ण मात्र पुष्कळदा उत्तम असतो. दुसरा गट मध्यकर्णाच्या चिरकारी (दीर्घकालीन) पूयस्रावी शोथाच्या रुग्णांचा. त्यांच्या वाहत्या कानात श्रवणयंत्राचा साचा घातला की, हवा कोंडते व पू वाढतो. साचा काढला की, ऐकू येत नाही. कान मोकळा ठेवून ऐकण्याची सोय त्यांना या रोपणामुळे प्रथमच झाली.

एका कानाच्या बहिरेपणातील उपयोग याहून चमत्कारिक आहे. बहिऱ्या बाजूला दिलेली कंपने कवटीतून जाताना फारशी क्षीण होत नाहीत व दुसऱ्या बाजूच्या चांगल्या अंतःकर्णाला ऐकू येतात. एरवी निदानात दोष समजला जाणारा, कंपने पलीकडे ‘गळण्याचा’ हा गुण येथे उपयोगी पडतो. बहिऱ्या बाजूने बोलणारा माणूस यामुळे ऐकू येतो. परंतु ऐकणारा अंतःकर्ण एकच असल्याने ध्वनी कोणत्या दिशेने आला, हे कळण्याची शक्ती परत येत नाही. ही मर्यादा आधी न सांगितल्यास रुग्णाची निराशा होते.

लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न निराळे असतात. त्यांची कवटी पातळ, पुष्कळदा ३ मिमी. पेक्षाही कमी जाड असते. खीळ सैल होऊन पडण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असते आणि खेळताना खुंटावर आघातही होतो. म्हणून मुलांमध्ये शस्त्रक्रिया बहुधा दोन टप्प्यांत, मध्ये काही महिने जाऊ देऊन करीत. पण भाषा तोवर थांबत नाही. बोलणे शिकण्याची पहिली काही वर्षे ऐकण्यावाचून गेली, तर त्यांची भरपाई पुढे कठीण होते. यावर तोडगा म्हणजे तोच कंपक मऊ, ताणल्या जाणाऱ्या कापडी पट्टीने डोक्याला बांधणे. आवाज खिळीइतका स्पष्ट येत नाही. तथापि काही महिन्यांच्या बालकालाही तो देता येतो व पुढे वय झाल्यावर रोपणाचा विचार करता येतो.

पुन्हा त्वचेखाली : ऑडियंटच्या अपयशानंतर सु. वीस वर्षांनी त्वचा अखंड ठेवण्याच्या प्रयत्नांना पुन्हा जोर आला. जर्मनीत राल्फ झीगर्ट यांनी हाडात बसविलेले चुंबक फक्त संच धरून ठेवण्यासाठी वापरले. कंपक बाहेरच राहिला व त्वचेतील तोटाही राहिला. अधिक मूलगामी उपाय म्हणजे कंपकच हाडात पुरणे व त्याला लागणारी शक्ती आणि संकेत त्वचेतून विद्युत् चुंबकीय मार्गाने देणे. म्हणजे त्वचेतून कंपन न्यावयाचे नाही, संकेत तेवढा न्यावयाचा. ऑस्ट्रियात तयार झालेले असे एक साधन यूरोपात २०१२ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले. त्याचा कंपक सु. १६ मिमी. व्यासाचा व ९ मिमी. जाडीचा असल्यामुळे त्यासाठी हाडात बरीच मोठी खोबण करावी लागते. पातळ कवटीत तो मावत नाही. होकॉनसन यांनीही आपल्या गटासह असेच, पण आकाराने सुटसुटीत साधन तयार केले व २०१२ च्या अखेरीस गॉथनबर्ग येथे ते प्रथम बसविण्यात आले. खुंटाचा पहिला कंपक घडविणाऱ्यानेच खुंट अनावश्यक ठरविण्याचा प्रयत्न करावा, हे लक्षणीय आहे. दाबविद्युत् (विद्युत् दाब दिला असता आकार बदलणाऱ्या) पदार्थावर चालणारा, टिटॅनियमच्या खिळीवर त्वचेखाली जोडलेला कंपक अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाला. या सर्वांत चुंबक असल्यामुळे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन (एमआरआय) तपासणीवर मर्यादा येतात किंवा प्रतिमेत काळा डाग पडतो. खुंटाच्या साध्या टिटॅनियमला ही अडचण जवळजवळ नाही. शिवाय आतील कंपक बिघडल्यास पुन्हा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

दातांचा मार्गही पूर्णपणे विस्मृतीत गेला नव्हता. दाढेवर चढविता येणारा, शस्त्रक्रियेविना वापरावयाचा एक विद्युत् कंपक अमेरिकेत २०११ मध्ये एका कानाच्या बहिरेपणासाठी मान्य झाला. तो वापरणाऱ्यास बोलताही येत असे; ऑडिफोनची अडचण अशा रीतीने दूर झाली होती. मात्र त्याची उत्पादक कंपनी २०१५ मध्ये बंद पडली. कानामागे चिकटपट्टीने लावावयाचा, दाब न देणारा संच २०१७ पासून उपलब्ध झाला. सौम्य बहिरेपणात तो पुरेसा ठरतो.

भारतात मध्यकर्णाचा चिरकारी शोथ, म्हणजे बोलीभाषेतील ‘कान वाहणे’, हे बहिरेपणाचे एक मोठे कारण आहे. त्यातील बहुतेकांना पडदा शिवण्याची शस्त्रक्रिया व औषधोपचार यांचाच उपयोग होतो आणि तो आधी करणे योग्यही असते. त्यानंतरही कान वाहतच राहिलेले व जन्मतः कर्णनलिका नसलेले रुग्ण अस्थिसंवहनाच्या साधनांस पात्र ठरतात. पण ही रोपणे परदेशी बनावटीची आहेत, बाहेरील संच काही वर्षांनी बदलावा लागतो व खुंटाची निगा आयुष्यभर ठेवावी लागते. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो, संचाचा पुनःपुन्हा. त्यामुळे मोठ्या शहरांतील रुग्णालयांबाहेर पट्ट्यावरचा किंवा चष्म्याच्या काडीतला कंपकच अजून पुष्कळांच्या वाट्याला येतो [→ बहिरेपणा, श्रवणयंत्र].